जिताड्याच्या अंगावरील कृमी

रायगडच्या खारेपाटातील शेतकरी शेततळ्यांत जिताडा पाळतात. हा मासा खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांत सुखाने राहतो. ऑस्ट्रेलियात त्यालाच बारामुंडी म्हणतात. तेथे क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत, समुद्रातील पिंजऱ्यांत पाळलेले सुमारे 2 लक्ष मासे 2000 साली दगावले. निओबेनेडेनिया नावाचा एक चपटा कृमी त्यास कारण झाला.

हा कृमी पारदर्शक असल्याने माशाच्या अंगावर सहसा दिसत नाही. तो त्वचेवर उपजीविका करतो. बेजार मासा जाळ्यावर अंग घासतो आणि जखमांतून रोगजंतू शिरतात. उपाय मात्र सोपा भासतो: मासा काही मिनिटे गोड्या पाण्यात ठेवावा. जिताड्यास त्याचे काहीच वाटत नाही; कृमी मात्र पांढरा पडून गळतो.

येथेच फसगत होते. कृमीच्या अंड्यांना लांब तंतू असतात व ते जाळ्याच्या धाग्यांत गुंततात. कवचामुळे ही अंडी अशा स्नानाला दाद देत नाहीत. त्यांतून निघालेले डिंभ पुन्हा माशांना चिकटतात. म्हणून स्नानानंतर मासे त्याच जाळ्यात सोडू नयेत. जुने जाळे उन्हात खडखडीत वाळवावे, आणि नवे कृमी अंडी घालू लागण्यापूर्वीच माशांना दुसरे स्नान घालावे.