नाटकातली फाशी खोटी असते, मग जीव कसा जातो?

शेंदूरजनाघाट असो की वरुड तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा शाळेचं गॅदरिंग आलं की कुणीतरी भगतसिंग होतोच. नाटिकेचा शेवटही ठरलेला: घोषणा, दोर, टाळ्या. हौशी रंगभूमीवर सगळ्यात धोक्याचा प्रसंग नेमका हाच आहे.

जुलै २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूं जिल्ह्यात एक लहान मुलगा या प्रसंगाची तालीम करताना गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकातल्या चित्रदुर्गात १२ वर्षांच्या मुलाचं तेच झालं. शाळेच्या राज्योत्सवासाठी तो घरी एकटाच सराव करत होता.

मोठ्यांचंही होतं. २०१२ च्या गुड फ्रायडेला ब्राझीलमध्ये ज्यूडासची भूमिका करणारा नट फाशीच्या प्रसंगात सुमारे चार मिनिटं बेशुद्ध लटकत राहिला. लोकांना तो अभिनय वाटला. पुढे दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला.

कारण साधं आहे. मानेवर ताण आला की काही सेकंदांत शुद्ध हरपते. ओरडता येत नाही, हात वर नेता येत नाही. ‘मी सावरतो ना’ हा भरवसा तिथं कामाचा नाही.

व्यावसायिक नाटकात नटाचं सगळं वजन कपड्यांच्या आतल्या पट्ट्यावर असतं. गळ्यातला दोर दिखाऊ असतो, जरा ओढला की सुटून येतो. पण ते बांधायला शिकलेला माणूस लागतो. मांडवाच्या बल्लीवर हा प्रयोग नकोच. गावात त्याहून चांगला उपाय आहे: दोर गळ्यात घालायचाच नाही. नट जमिनीवर उभा, दोर त्याच्यापासून लांब. लाइट बंद, ढोलाचा एक ठोका. लाइट लागतो तेव्हा स्टेज रिकामा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्या रिकाम्या जागेमुळेच. आणि तालमीनंतर दोर सरांच्या कपाटात, मुलाच्या दप्तरात नाही.

मारामारीतही सूत्र तेच: ज्याला मार बसतो असं दिसतं, ताबा त्याच्याकडे. केस ओढताना ओढणारा ओढतच नाही. ज्याचे केस, तोच त्याचा हात डोक्याशी धरून स्वतः हलतो. थापड गालापासून चांगली लांबून जाते, आवाज दुसरंच कुणी टाळी वाजवून काढतं. आधी सगळं संथ, मग हळूहळू वेग, आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी पुन्हा एकदा.

हत्यारं एकाच माणसाच्या ताब्यात हवीत. ऐनवेळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली सुरी आणायची नाही. २००८ मध्ये व्हिएन्नाच्या नामांकित बुर्गथिएटरमध्ये बोथट सुरीच्या जागी खरी आली आणि नटाचा गळा कापला गेला. तो वाचला.

शिवाय एक शब्द ठरवून ठेवावा, संहितेत नसलेला. तो ऐकू आला की सगळं जागच्या जागी थांबतं. पडदा ओढणाऱ्या पोरालाही तो माहीत हवा.