आईचं का जुळत नाही?

नागपूरच्या एका वस्तीतली बाई. मुलगा अकरा वर्षांचा, सिकलसेलचा एसएस पॅटर्न. थंडी पडली की हाडं दुखून पोरगा रात्र रात्र ओरडायचा. वर्षातून तीन-चार वेळा भरती. डॉक्टरांनी बोन मॅरो बदलण्याचा विषय काढला, तेव्हा ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, माह्यंच काढा ना. मी त्याले नऊ महिने पोटात वागवलं." तपासणी झाली. आईचं अर्धंच जुळलं, बापाचंही अर्धंच. ती आमच्यावरच चिडली. "रक्तगट तं एकच हाये, मंग काऊन नाही जुळत?"

वॉर्डात ड्युटी करत होतो तेव्हाही हा प्रश्न आम्ही ऐकायचो, आता वस्त्यांतून फिरतानाही ऐकतो. रक्तगट ही वेगळी गोष्ट आहे. तो तांबड्या पेशींवर असतो. मॅरोसाठी पाहतात त्या खुणांना एचएलए म्हणतात. अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर त्या असतात, तांबड्या पेशी सोडून. रक्तगट वेगळा असला तरी मॅरो देता येतो, पण एचएलए जुळावं लागतं. अशी पहिली खूण फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी 1958 साली शोधली. त्यासाठी 1980 सालचं नोबेल त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसोबत विभागून मिळालं.

या खुणांचं काम पहारेकऱ्याचं. पेशीच्या आत रोगजंतू शिरला की त्याचा तुकडा एचएलए दारात आणून दाखवतं, मग पांढऱ्या पेशी त्या पेशीवर तुटून पडतात. परक्याचा मॅरो आपल्या अंगात आला तर हेच उलटं होतं. नव्या मॅरोला पेशंटचं अंगच परकं वाटतं आणि तो कातडी, आतडी, लिव्हरवर हल्ला करतो. म्हणून जुळणी इतकी काटेकोर.

आता आईचं अर्धंच का, ते पत्त्यांच्या पानांवर समजून घ्या. आईच्या हातात दोन पानं, बापाच्या हातात दोन. प्रत्येक मुलाला आईचं एक आणि बापाचं एक पान मिळतं. म्हणून आईबापाचं बहुधा अर्धंच जुळतं. सख्ख्या भावाबहिणीला मात्र नेमकी तीच दोन पानं मिळण्याची शक्यता चारात एक असते. चार मुलं असली म्हणजे एकाचं जुळणारच, असं नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी पानं नव्याने वाटली जातात.

पानांचे प्रकार तरी किती? आजवर तीस हजारांच्या वर सापडलेत. एवढी विविधता उगाच नाही. सगळ्यांचे पहारेकरी सारखेच असते, तर एखाद्या जंतूने एकाला चकवलं की सगळी वस्ती आडवी झाली असती. एचआयव्हीत हे दिसलं आहे. बी-57 नावाचा प्रकार ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापैकी अनेकांत आजार सावकाश वाढतो. समाजाला वाचवणारी हीच विविधता मॅरो शोधणाऱ्या एकट्या पेशंटला मात्र अडवते.

घरात जुळलं नाही तर दात्यांच्या नोंदणीत शोधतात. जगभरात चार कोटींहून जास्त दाते नोंदलेले आहेत, त्यात भारतातले काही लाखच. आणि इथे एक कडू गोष्ट सांगावी लागते. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न, हे दाखवून दिलं होतं. पिढ्यान् पिढ्या तसंच चाललं, म्हणून ही पानंही थोडीफार त्या त्या समाजात साठली. यात कुणाचं पान वरचं नाही की खालचं नाही. पण आपल्या पोराशी जुळणारा माणूस आपल्याच लोकांत सापडण्याची शक्यता जास्त, आणि नोंदणीत आपले लोक फार थोडे. नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, बस. पुढे कधी बोलावणं आलंच, तर काही दिवस इंजेक्शनं घेऊन बहुतेक वेळा हातातल्या रक्तातूनच पेशी काढतात. वस्तीतल्या निरोगी तरुणांनी एवढं तरी करावं, असं आमचं म्हणणं आहे.

कुणी झटपट बरं करण्याची हमी देत असेल तर मात्र सावध. बदललेल्या मॅरोत जिवाची जोखीम असते, पुढे मूल न होण्याचीही भीती असते, आणि खर्च लाखांत जातो. आधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, मुख्यमंत्री सहायता निधीचं विचारा. तोवर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. आणि सख्ख्या भावंडांची तपासणी टाळू नका. भावंड एएस, म्हणजे वाहक असलं तरी ते मॅरो देऊ शकतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांत बहिणीला तपासतच नाहीत.

त्या बाईच्या घरीही तेच झालं होतं. मोठी मुलगी एएस, म्हणून तिला बाजूला ठेवलं. आम्ही आग्रहच धरला. तिचं पूर्ण जुळलं. मग आजी रडायला लागली, पोरीच्या कमरेतून काढतील, उद्या तिचं लग्न कसं होईल? आम्ही समजावलं की भूल देऊन कंबरेच्या हाडातून सुईने काढतात, काही दिवस दुखतं आणि काढलेला मॅरो काही आठवड्यांत अंगात पुन्हा तयार होतो. आजीला पटलं नाही. मुलगी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. नववीत होती. तिने आम्हाला एवढंच विचारलं, "सिस्टर, शाळा किती दिवस बुडंल?"