उडत्या तबकड्या आणि सरकारी चौकशी

परग्रहावरून तबकड्या येतात की नाही, हा प्रश्न पुष्कळांनी चघळला आहे. आम्हांला त्याहून जवळचा प्रश्न वेगळाच वाटतो. एखाद्या साध्या माणसाने आकाशात काही पाहिले आणि सरकारला कळविले, तर सरकार त्या अर्जाचे काय करते? कारखान्यांतल्या खातेचौकशांत आमचे निम्मे आयुष्य गेले, म्हणून आमचे लक्ष तिकडे जाते.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्या. पाण्यावर फेकलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे त्याचे म्हणणे. वृत्तपत्रांनी चालीचा आकार करून टाकला आणि 'उडती तबकडी' जन्माला आली. मग अर्जांचा पाऊसच पडला. हे रशियाचे नवे विमान तर नव्हे, ही हवाई दलाची खरी धास्ती होती. त्या दलाने १९४८ मध्ये 'साइन', १९४९ मध्ये 'ग्रज' आणि १९५२ मध्ये 'ब्लू बुक' अशा चौकशा ओळीने चालविल्या. १९६९ मध्ये दप्तर बंद झाले तेव्हा १२,६१८ प्रकरणे नोंदलेली होती. ग्रह, उल्का, फुगे, विमाने अशी बहुतेकांची उकल झाली. ७०१ अनुत्तरित राहिली.

अनुत्तरित म्हणजे परग्रहावरचे, असे मात्र नव्हे. पाहणारा खोटे बोलत नसतो. पण मोकळ्या आकाशात अंतराचा अंदाज लागत नाही, आणि अंतर चुकले की आकार व वेग दोन्ही चुकतात.

येथवर ठीक. पण चौकशी करणाऱ्याचे हात मोकळे होते काय? जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने बोलाविलेल्या रॉबर्टसन समितीने, लोकांचे तबकड्यांविषयीचे कुतूहल ओसरेल असा प्रचार करावा, अशी शिफारस केली. अफवांच्या गर्दीत खऱ्या हल्ल्याची वर्दी हरवेल, ही तिची भीती. १९५५ पासून यू-२ हे गुप्त टेहळणी विमान साठ हजार फुटांहून उंच उडू लागले. खाली संध्याकाळ झाली तरी त्या उंचीवर ऊन असे, आणि विमानाचे पंख झळकत. अमेरिकन सरकारच्याच इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिले की, अशा उड्डाणांमुळे पुष्कळ अर्ज आले, अधिकाऱ्यांना कारण ठाऊक होते, आणि उत्तर मात्र हवामानाच्या चमत्कारांचे दिले गेले. पाहणाऱ्याने खरे पाहिले. खोटे ठरले त्याचे डोळे!

मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधील काही दिव्यांना खात्याचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ हायनेक यांनी 'दलदलीतला वायू' म्हटले. लोक हसले, संतापलेही. तेव्हा कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र चौकशी सोपविण्यात आली. पुढचा अभ्यास फारसा उपयोगी नाही, असा तिचा निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो बरोबरही असेल. पण काम सुरू होण्यापूर्वीच निकालाचा कल सुचविणारे एक अंतर्गत टिपण फुटले होते, त्यामुळे त्यावर विश्वास कसा बसावा?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२२ मध्ये पुन्हा नवे कार्यालय उघडले. परग्रहीय यंत्रांचा पुरावा नाही, असे त्याने मार्च २०२४ च्या अहवालात सांगितले. आम्हांला ते पटते. तरी पुष्कळांना पटत नाही, आणि त्याचा दोष केवळ त्यांच्या भोळेपणावर ढकलता येणार नाही. आमच्या कामगारांचा अनुभवही हाच आहे: निकाल विरुद्ध गेला तर माणूस सोसतो, पण आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही असे कळले, की पुढे खरा निकालही तो मानीत नाही.