चॉकलेट सिस्टपासून ‘मेट’पर्यंत

अमेरिकेतल्या ऑल्बनीचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्प्सन यांनी १९२१ मध्ये बीजाशयातल्या ‘चॉकलेट सिस्ट’चे वर्णन केले. गाठ फुटली की आतून घट्ट, तपकिरी, साकळलेले रक्त ओघळते. १९२५ मध्ये ते पुढे गेले. अशा गाठी ज्यातून होतात त्या एन्डोमेट्रिऑसिसमधून, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारातून, बीजाशयाचा कर्करोग उद्भवू शकतो, असे त्यांनी मांडले आणि तसे ठरवण्याचे निकषही घालून दिले. (एन्डोमेट्रिऑसिस असलेल्या बहुतेक बायकांना हा कर्करोग कधीच होत नाही, हे इथेच सांगून टाकलेले बरे.)

नंतर कितीतरी वर्षे सगळी भिस्त सूक्ष्मदर्शकावरच राहिली. जनुकांचा धागा ठळकपणे हाती लागला तो २०१० मध्ये. बीजाशयाच्या कर्करोगाच्या ‘क्लिअर सेल’ प्रकारातल्या जवळजवळ निम्म्या गाठींत ‘एआरआयडी१ए’ हे जनुक बिघडलेले आढळले आणि शेजारच्या एन्डोमेट्रिऑसिसमध्येही काही ठिकाणी तोच बिघाड दिसला.

माझ्या मते खरी मजल जपानने मारली. तिथे हा क्लिअर सेल प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त, त्यामुळे प्रश्न घरचाच होता. २००८ मध्ये क्योटोच्या संशोधकांनी त्या तपकिरी द्रवातल्या मोकळ्या लोहाकडे बोट दाखवले: दर महिन्याच्या रक्तस्रावातून साचणारे लोह पेशींतल्या डीएनएला इजा करत राहते. २०१३ मध्ये नागोयाच्या गटाने या कर्करोगाच्या गाठींतल्या जनुकांच्या प्रती मोजल्या. निरोगी पेशीत ‘मेट’ जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणून फिश चाचणीत दोन ठिपके चमकतात. इथे काही गाठींच्या पेशींत ठिपक्यांची गर्दीच होती. एन्डोमेट्रिऑसिसशी निगडित क्लिअर सेल कर्करोगात सर्वाधिक वेळा वाढलेले जनुक हेच निघाले, आणि ते वाढलेल्या रुग्णांची पुढची वाटचाल अधिक बिकट असल्याचेही दिसले.

मग ‘मेट’ रोखणारे औषध दिले की झाले, असे वाटणे साहजिक होते. पण अशाच एका औषधाच्या, कॅबोझँटिनिबच्या, अमेरिकन चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला तो निराशाजनक: उलटलेल्या क्लिअर सेल कर्करोगात औषधाचा फारसा उपयोग दिसला नाही. मात्र ‘मेट’च्या प्रती वाढलेल्या बायका निवडून ते औषध दिले नव्हते, ते सरसकट दिले होते. नागोयाच्या शोधाची कसोटी त्या चाचणीत लागली, असे मला म्हणवत नाही. रोग दुर्मीळ, त्यात ‘मेट’ वाढलेल्या रुग्ण आणखी थोड्या. निवडून चाचणी घ्यायची तर अनेक देशांतल्या रुग्णालयांनी एकत्र यावे लागेल.