हरणांचा चारा कसा ओळखावा

सुरतेहून पूर्वेस व्यारा-सोनगडच्या वाटेने डांगाकडे जाऊ लागले म्हणजे सागाचे रान सुरू होते. ते पाहून नवख्याला वाटते की, येथे हरणांना काय उणे! परंतु हिरवे दिसणारे सारेच रान त्यांचा चारा नसते. सागाच्या खरबरीत पानांना चितळ सहसा तोंड लावीत नाही, आणि घाणेरीची जाळी तर चांगल्या गवताची जागाच अडविते. जुना शिकारी व त्याचा वाटाड्या भिल्ल अथवा कोकणा हे पक्के जाणून असत. म्हणून ते हरणाआधी झाड शोधीत.

वांसद्याचे रान एके काळी तेथील संस्थानिकांचे खासगी रान होते. १९७९ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नही उरला नाही. ती पारखी नजर मात्र अजून हवी आहे. रानात हरणे टिकली नाहीत, तर बिबळ्या गावच्या शेळ्या-कुत्र्यांकडे वळतो.

पावसाळ्यात कोवळ्या गवताची ददात नसते. हिवाळ्यात बोरे, बेहडे, आवळे गळू लागतात. आवळा हरीण अख्खा गिळते आणि रवंथ करताना त्याची आठळी तोंडावाटे टाकते. त्यामुळे ज्या सावलीत आठळ्या सांडलेल्या दिसतील, ती त्याची विसाव्याची जागा समजावी. खरी कसोटी उन्हाळ्याची. तेव्हा उंबरे, शिवणीची पिवळी फळे, पळसाची व मोहाची गळालेली फुले यांवरच भेकर आणि चौशिंगा दिवस काढतात. (चौशिंग्याची शिंगे गळत नाहीत; शास्त्रदृष्ट्या तो चितळ-सांबराच्या कुळातला नव्हे.) झाडावर वानरे असतील तर खाली पाला व फळे आयतीच पडतात, आणि चितळ तेथे हमखास येते.

हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्याने खाल्लेली डहाळी ओढून तोडल्यासारखी, टोकाशी चिरफाळलेली दिसते. सशाने कुरतडलेली मात्र सुरीने तासल्यासारखी तिरपी असते. पण गाय-शेळीचे दातही हरणासारखेच, म्हणून खूर व लेंड्या पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

मोहाखाली मात्र माणूस आणि हरीण समोरासमोर येतात. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आहे; ती आग पसरली म्हणजे ऐन चैत्रात कोवळी रोपे व उरलेसुरले गवत जळून जाते. वेचणाऱ्यास दोष देणे सोपे. परंतु मोह हे त्याच्याही उन्हाळ्याचे धान्य आहे. पाचोळा झाडून बाजूस सारला किंवा झाडाखाली जाळी बांधली, तर फुले स्वच्छ मिळतात व आगीचे कारणच राहत नाही. काही झाडे आडरानातली, कोणी न वेचलेली राहिली, तर पहाटे तेथे भेकराचे खूर उमटलेले दिसतात.