छापेभोवतालची पांढरी चौकट

गतवर्षीच्या स्मरणिकेत आमच्या पेढीची जाहिरात ज्या व्यापारी बंधूंनी पाहिली असेल, त्यांच्या नजरेतून एक वैगुण्य सुटले नसेल. पान केशरी रंगाचे होते. त्यावर आमची मंगलकलशाची छाप शोभून दिसावी, अशी आमची कल्पना होती. प्रत्यक्षात कलशाभोवती पांढरी चौकट उमटली. जणू पैठणीला मांजरपाटाचे ठिगळ लावावे! आम्ही प्रथम छापखान्यास बोल लावला. परंतु आमच्या नातीने फाइल तपासली आणि ती म्हणाली, "आजोबा, ही चौकट छापखान्याने घातलेली नाही. आपण पाठविलेल्या फाइलीतच ती होती." तिचे म्हणणे खरे ठरले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि धान्याच्या घाऊक व्यापारात केस पिकविलेले गृहस्थ. तथापि या प्रसंगाने जी माहिती आम्हांस करून घ्यावी लागली, ती आपल्या सभासदांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

संगणकातील चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी होय. हजार ठिपके लांब व हजार ठिपके रुंद अशा चित्रात दहा लाख ठिपके भरतात. प्रत्येक ठिपक्यापाशी लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचे प्रमाण सामान्यतः ० ते २५५ या आकड्यांत लिहिलेले असते. तिन्ही आकडे २५५ असले की तो ठिपका पांढरा दिसतो. म्हणजे कागदावर पांढरे ते कोरे असले, तरी संगणकाच्या हिशेबी पांढरा हाही एक रंगच आहे. आपल्यासारख्यांची गफलत होते ती नेमकी येथे.

जागा खरोखरीच मोकळी ठेवावयाची असेल, तर प्रत्येक ठिपक्याच्या खाती चौथा आकडा मांडावा लागतो. तो ठिपका किती घट्ट आणि किती विरळ, हे त्या आकड्यावरून कळते. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण घट्ट. मधले आकडे मधल्या छटांचे. यास अल्फा चॅनल म्हणतात. अमेरिकेत न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एड कॅटमल व अल्वी रे स्मिथ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कल्पना सिद्ध केली. पुढे १९८४ मध्ये टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी एक चित्र दुसऱ्यावर कसे बसवावे, याचे गणिती नियम मांडले.

आता फाइलींचे प्रकार पाहू. त्यांत सर्वांच्या परिचयाचा जेपीजी. याचे मानक १९९२ मध्ये ठरले. छायाचित्रांसाठी तो उत्तम. फाइल लहान होते आणि डोळ्यांस फरक जाणवत नाही. पण त्यात तो चौथा आकडा लिहिण्याची सोयच नाही. पारदर्शक चित्र जेपीजीत जतन केले, की मोकळ्या जागी पांढरा, क्वचित काळा, रंग भरला जातो. शिवाय हा प्रकार थोडी माहिती गाळून फाइल लहान करीत असल्याने अक्षरांच्या व रेषांच्या कडेस डागाळल्यासारखे दिसते.

जिफ हा प्रकार १९८७चा. १९८९ मध्ये त्यात पारदर्शकतेची सोय झाली. आपल्या गुदामांत पोत्यांवर छाप मारण्याचा कापीव पत्रा असतो, त्याचीच ही रीत. जेथे भोक तेथे शाई, जेथे पत्रा तेथे नाही. मधली स्थिती नाही. रंगही एका चित्रात फार तर २५६. त्यामुळे गोलाईच्या कडा करवतीसारख्या दिसतात, किंवा गडद रंगावर पांढरी किनार उमटते.

१९९४च्या अखेरीस जिफमध्ये वापरलेल्या एका पद्धतीच्या पेटंटाबद्दल युनिसिस कंपनीने शुल्काची मागणी पुढे केली. त्यातून कोणाच्याही मालकीचा नसलेला असा पीएनजी हा प्रकार निर्माण झाला. १९९६ मध्ये त्याचे मानक मान्य झाले. यात अल्फा चॅनल आहे, आणि माहितीचा एक दाणाही गळत नाही. म्हणून छाप, सही, शिक्का यांसाठी पीएनजी योग्य. मात्र मोठे छायाचित्र त्यात ठेवल्यास फाइल भारी होते.

गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपी या प्रकारातही पारदर्शकता आहे व फाइल पीएनजीपेक्षा बहुधा लहान होते. संकेतस्थळासाठी तो चांगला. परंतु जुन्या प्रणालींत तो उघडत नाही. एसव्हीजीची जात निराळी. त्यात ठिपके नसून रेषांची मापे लिहिलेली असतात. जेथे काही रेखाटले नाही, तेथे आपोआपच मोकळे राहते, आणि तीच छाप बिलावर बोटभर किंवा फलकावर दहा फूट केली तरी फाटत नाही. साध्या रेषांच्या छापेस याहून चांगले साधन नाही. छापखान्यास द्यावयाचे झाल्यास रेषांचेच पीडीएफ करून देणे सोयीचे. पीएनजीत छपाईच्या चार शाईंचे रंग साठविता येत नाहीत.

आता आमची चूक सांगतो. आमच्याजवळ छापेची उत्तम पीएनजी फाइल होती. ती आम्ही मोबाइलवरून "छायाचित्र" म्हणून पाठविली. अशा वेळी फाइल लहान करण्यासाठी तिचे जेपीजी केले जाते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठविली असती तर जशीच्या तशी पोचली असती. पुढे जुना संगणक बंद पडला आणि मूळ फाइलही गेली. आमच्या तीर्थरूपांनी स्वहस्ते काढलेला कागद तर वाळवीने पूर्वीच खाल्ला होता. हाती उरली ती पांढऱ्या चौकटीची प्रत.

नातीने गुदामातील जुना पत्रा उतरविला आणि त्यावरून कलशाच्या रेषा एसव्हीजीत नव्याने आखल्या. पण नारळामागे तीर्थरूपांनी एक तेजोवलय काढले होते, कडेकडेस विरत जाणारे. ते पत्र्यात नव्हते. जेपीजीत होते, पण तेथे पांढरट दिसणारा ठिपका मुळातच फिकट रंगाचा होता की घट्ट रंग विरळ होऊन पांढऱ्यात मिसळला होता, हे सांगण्यास चौथा आकडाच उरला नव्हता. नातीने अंदाजाने वलय केले आहे. लोकांस ते बरे वाटते. आम्हांस फरक दिसतो.

म्हणून सभासद बंधुभगिनींस विनंती की, आपल्या पेढीच्या छापेची मूळ फाइल एसव्हीजी किंवा पीएनजीत दोन ठिकाणी जपून ठेवावी. जेपीजी करावयाचे ते नकलेचे, मुळाचे नव्हे. कोणी "पारदर्शक" म्हणून चित्र दिल्यास ते गडद रंगावर ठेवून पाहावे. पुष्कळदा करड्या-पांढऱ्या चौकड्या चित्रातच रंगविलेल्या असतात. आपण धान्याचा नमुना हातात घेतल्याशिवाय सौदा करीत नाही. पेढीच्या नावाची फाइल तरी न पाहता का पाठवावी?

यंदाच्या जाहिरातीत आमचा कलश केशरी पानावर विना चौकट छापलेला दिसेल. ज्यांचे मूळ कागद अद्याप घरी सुरक्षित असतील, त्यांनी ते याच आठवड्यात काढून पाहावेत, इतकेच सांगून लेख पुरा करतो.