चिमटा लावायचा की नाही?

सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा आला, की पंक्चरवाला तिथे अंगठा दाबून सांगतो, ‘रबर पातळ झालंय, कधीही जाईल.’ मेंदूतल्या रोहिणीलाही असा फुगा येतो. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. रोहिणीला जिथे फाटे फुटतात तिथे रक्ताचा मारा भिंतीवर बसत राहतो. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने भिंत विरते आणि फांदीला करवंद लागावं तशी पिशवी लोंबू लागते. शंभर प्रौढांत दोन-तीन जणांच्या डोक्यात असं करवंद असतं. बहुतेकांचं जन्मभर फुटत नाही आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

ज्यांचं फुटतं त्यांची कहाणी बरीचशी सारखी असते. जड उचलताना, शौचाला बसल्यावर, कधी नुसता चहा पिताना डोक्यात एकाएकी असह्य कळ येते. ‘असं डोकं जन्मात दुखलं नव्हतं,’ असं रुग्ण सांगतो. मग उलट्या, मान आखडणं, कधी शुद्ध हरपणं. घरचे म्हणतात, पित्त खवळलं. लिंबूपाणी दिलं जातं, कपाळाला बाम लागतो, आणि कळ ओसरली की सगळे निर्धास्त होतात. घात होतो तो इथेच. पहिल्या गळतीनंतर छिद्रावर रक्ताची गुठळी बसलेली असते. ती सुटली की पुन्हा रक्तस्राव होतो, आणि हा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो. फुगा फुटलेल्यांपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास रुग्ण दगावतात. म्हणून क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी घरी अंगावर काढायची नाही. आधी सीटी स्कॅन, बाकी सगळं नंतर.

हा फुगा सहज हाताला लागत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. मानेतून चढणाऱ्या चार रोहिण्या हा पुरवठा करतात आणि मेंदूच्या तळाशी त्यांच्या जोडणीतून एक कडं तयार होतं. १६६४ साली इंग्लंडमध्ये टॉमस विलिस यांनी त्याचं नेमकं वर्णन केलं. त्यांच्या ग्रंथासाठी आकृत्या काढणारे ख्रिस्तोफर रेन हेच पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुकार झाले. बहुतेक फुगे या कड्यावर किंवा त्याच्या लगतच्या फाट्यांवर येतात. म्हणजे सर्जनला पोचायचं असतं थेट मेंदूच्या पोटाखाली.

आधी तो दिसायला हवा. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मानेतल्या रोहिणीत क्ष-किरण अडवणारं द्रव्य सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र मिळवलं. १९३१ साली एडिंबरोत नॉर्मन डॉट यांनी फुग्याभोवती रुग्णाच्याच मांडीतल्या स्नायूचा तुकडा गुंडाळला. आणि १९३७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला. आजच्या ‘क्लिपिंग’ची ही सुरुवात. मान मिटली की फुग्यात रक्त शिरत नाही आणि मूळ रोहिणी वाहती राहते.

डँडींना हे सारं जवळजवळ नुसत्या डोळ्यांनी करावं लागलं. ऑपरेशनचा मायक्रोस्कोप मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुळवला तो मुख्यतः झुरिकच्या गाझी याशारगिल यांनी. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये त्यांनी प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या शिवण्याचा सराव केला होता. आज सर्जन कानशिलाजवळच्या हाडाची एक चकती काढतो. मेंदूचे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात, ती फट मायक्रोस्कोपखाली उलगडत जातो. तिथे कोळिष्टकासारखं पातळ आवरण असतं. ते कापायचं, मेंदू मात्र कापायचा नाही. फुगा दिसला, तरी लगेच चिमटा लावत नाहीत. त्याच्या पाठीला केसासारख्या वाहिन्या चिकटलेल्या असतात. त्यातली एक जरी चिमट्यात सापडली, तरी रुग्ण शुद्धीवर येतो तो अर्धांग घेऊन. वेळ पडल्यास मूळ रोहिणी काही मिनिटांपुरती मिटून फुग्यातला दाब उतरवतात. टायटॅनियमचा चिमटा बसल्यावर हिरवा रंगद्रव शिरेतून देऊन, मायक्रोस्कोपच्या खास उजेडात सगळ्या वाहिन्या वाहताहेत ना, हे बघतात.

ऑपरेशन पार पडलं तरी फुटलेल्या फुग्याचा रुग्ण सुटलेला नसतो. सांडलेल्या रक्ताच्या संपर्काने चौथ्या दिवसापासून पुढचे दहा-एक दिवस मेंदूतल्या रोहिण्या आक्रसू शकतात. त्यामुळे होणारं नुकसान टाळायला निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी, रात्री उठवूनसुद्धा, २१ दिवस चालतात.

कवटी न उघडता हे जमेल का? १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये गुइडो गुग्लिएल्मी यांनी मांडीतून नळी थेट मेंदूपर्यंत नेली, फुग्यात प्लॅटिनमच्या मऊ तारेचं वेटोळं भरलं आणि क्षीण विद्युतप्रवाहाने ते नळीपासून सुटं केलं. चिमटा बरा की तार? ज्यांना दोन्ही उपाय शक्य होते अशा २१४३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करण्यात आली. २००२ साली निकाल आला. वर्षअखेर मरण किंवा परावलंबित्व वाट्याला आलेले रुग्ण चिमटेवाल्यांत सुमारे ३१ टक्के होते, तारवाल्यांत सुमारे २४ टक्के. मात्र तार भरलेला फुगा काहींत पुन्हा उघडतो, रुंद मानेच्या फुग्यात ती टिकून राहत नाही. त्यामुळे चिमटा आजही ट्रेमध्ये असतो.

या निकालाने सर्जनांना धक्का दिला, पण असा धक्का त्यांनी आधीही खाल्ला होता. १९६७ साली याशारगिल यांनी कानापुढे बोट ठेवल्यावर जिची धडधड लागते, ती टाळूची रोहिणी कवटीतून आत नेऊन मेंदूवरच्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या वाहिनीला जोडली. अडलेल्या वाटेला वळसा घालणारा हा बायपास म्हणजे हातांच्या कसबाची कमाल होती. रक्तपुरवठा वाढला की पक्षाघात टळणारच, असं कोणालाही वाटेल. जगभर तो होऊ लागला. मग १३७७ रुग्णांवर चाचणी झाली आणि १९८५ साली निष्कर्ष आला: मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या चरबीच्या थरांनी अरुंद झालेल्या रुग्णांत बायपासने पक्षाघात कमी होत नाही, औषधं पुरेशी आहेत. टाका निर्दोष होता. चुकीच्या माणसाला घातला जात होता. हाच बायपास मोयामोया या आजारात आजही तारून नेतो. त्यात मोठ्या रोहिण्या मिटत जातात आणि बारीक वाहिन्यांचं जाळं अँजिओग्राफीत धुराच्या झोतासारखं दिसतं. म्हणून जपानी डॉक्टरांनी १९६९ साली हे नाव दिलं.

रोहिणी आणि नीला मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट जुळून होणाऱ्या गुंत्याचंही असंच. न फुटलेला गुंता काढावा की राहू द्यावा, यावरची चाचणी मध्येच आवरती घ्यावी लागली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, उपचार झालेल्यांत पक्षाघात आणि मृत्यू जास्त दिसले. सर्जन त्यावर अजून भांडतात, कारण गुंत्याचा धोका जन्मभराचा आणि चाचणीतली वर्षं मोजकी.

या शाखेत हात तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तो कधी आवरायचा, हे शिकायला मात्र साऱ्या शाखेलाच अर्धं शतक लागलं. आता चक्कर येते म्हणून कोणी एमआरआय काढतो आणि रिपोर्टात चार मिलिमीटरचा फुगा निघतो. २०१२ साली जपानच्या एका मोठ्या अभ्यासात न फुटलेले फुगे फुटण्याचं प्रमाण वर्षाला एक टक्क्याच्या आसपास आढळलं. लहान फुग्यांत त्याहून कमी. सर्जन फुग्याचा आकार बघतो, जागा बघतो, वय, रक्तदाब, तंबाखू, घरात कोणाचा असा फुगा फुटला होता का, हे विचारतो. बाहेर नातेवाईक पैशांची जुळवाजुळव करत असतात. आत कागदावर चार ओळी लिहिल्या जातात: बीपीची गोळी रोज. बिडी बंद. डोकं एकाएकी दुखलं तर थेट इस्पितळ. वर्षाने पुन्हा तपासणी.

‘म्हणजे काहीच करायचं नाही?’ घरचे विचारतात. सर्जन कागद त्यांच्या हातात देतो. त्या दिवशी त्याने केलेलं सर्वांत अवघड काम त्यावर असतं.